न उच्चारलेल्या वाक्याचे शुभेच्छापत्र

दिवाळी अंकात समीक्षेचे पान उघडले की रसिक वाचकाला एखादी गाजलेली कादंबरी, एखादा नवा कवितासंग्रह, निदान एखादे नाटक तरी अपेक्षित असते. या वेळी मी वाचकांची थोडी निराशा करणार आहे. मी ज्या कृतीचे परीक्षण करू इच्छितो तिची पाने चार, त्यांतले एक कोरे, आणि शब्द मोजून वीससुद्धा नाहीत. तिला प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही, लेखकाचे नावही नाही. पाठीमागे फक्त किंमत आणि काळ्या पट्ट्यांचा तो कोड. ते एक विनोदी शुभेच्छापत्र आहे. आमच्या शाळेतली मुले ज्याला नुसते ‘ग्रीटिंग’ म्हणतात, ते.

एवढ्याशा कागदासाठी दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, इतिहासाचे पुस्तक परीक्षा संपली की रद्दीत जाते. कार्डावरचा विनोद मात्र जन्मभर लक्षात राहतो. ज्या वाङ्मयाचा असा पक्का ठसा उमटतो, त्याची तपासणी कोणीतरी करायला हवी. दुसरे कारण खासगी आहे. या कार्डाच्या अपराधात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे, आणि तो कबूल केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

गेल्या जून महिन्यात, शाळा नुकत्याच सुरू झाल्या असताना, माझ्या चोपन्नाव्या वाढदिवसाला लंडनहून एक पाकीट आले. आमच्या हायस्कूलची एक जुनी विद्यार्थिनी तिकडे नोकरीनिमित्त राहते. अलीकडे शुभेच्छा फोनवर येतात आणि फोनवरच विरून जातात. त्यामुळे तिकीट लावलेले, शाईने पत्ता लिहिलेले पाकीट हाती पडल्याचाच आनंद मोठा होता.

आत हे कार्ड होते. दर्शनी पानावर फिकट निळ्या झग्यातली एक राणी. डोक्यावर हातभर उंच केसांचा मनोरा, गालावर लाली, हातात नाजूक बशी आणि बशीत केकचा भला मोठा तुकडा. वर इंग्रजीत एकच ओळ, आपल्याकडे तिचा भावार्थ असा: ‘राणीसाहेबांचा हुकूम आहे, केक खा!’ कार्ड उघडले की आत तीच राणी, केक संपवलेली, बोटे चाटणारी. पण आता तिच्या गळ्याभोवती बारीक लाल फीत. खाली मजकूर: ‘मनसोक्त खा, पण डोके ठिकाणावर ठेवा!’

आणि त्याखाली माझ्या विद्यार्थिनीच्या हातचे वळणदार मराठी अक्षर: ‘सर, सा. न. वि. वि. ओळखलंत ना हिला? नववीच्या वर्गात तुम्ही हिचं वाक्य सांगितलं होतंत आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. दुकानात हे कार्ड दिसलं आणि पहिली आठवण तुमची झाली.’

मी मोठ्याने हसलो. घरात सगळ्यांना कार्ड दाखवले. मग संध्याकाळी ते पुन्हा उघडले, आणि त्या ‘वाक्य सांगितलं होतंत’ या शब्दांवर माझी नजर अडली.

कारण ते वाक्य त्या राणीचे नाही. आणि ते तिचे नाही हे मला ठाऊक होते.

फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे शिकवीत आलो आहे. धड्यात तीन वर्ग येतात, करांची यादी येते, सनावळी येते. मुले जांभया देऊ लागतात. अशा वेळी मी खडू खाली ठेवून म्हणत असे, ‘लोक राणीला म्हणाले, आम्हाला भाकरी मिळत नाही. राणी म्हणाली, भाकरी मिळत नाही? मग केक खा!’ वर्ग खदखदून हसे. शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा जागा होई. पुढे दहा-बारा वर्षांपूर्वी हे वाक्य खोटे असल्याचे माझ्या वाचनात आले. तेव्हा प्रामाणिकपणे मी ते सोडून द्यायला हवे होते. मी सोडले नाही. फार तर ‘असे म्हणतात’ एवढे दोन शब्द पुटपुटून मी ते सांगत राहिलो. कारण त्या ठिकाणी मुले हसत, आणि हसणारा वर्ग कोणत्या मास्तरला नको असतो?

असो. अपराधी माणसाने परीक्षण लिहिताना निदान निष्पक्ष राहावे. म्हणून आधी या कार्डाचे गुण सांगतो.

शुभेच्छापत्राचा सगळा जीव त्याच्या घडीत असतो. नाटकात पडदा, कीर्तनात पूर्वरंगानंतरची विश्रांती, तसे कार्डात घडीचे स्थान. बाहेरच्या पानावर अर्धा विनोद मांडायचा, वाचणाऱ्याच्या बोटांना पान उघडायला लावायचे आणि त्या क्षणभराच्या अंतरानंतर उरलेला अर्धा विनोद द्यायचा. हे कार्ड ते काम चोख करते. बाहेर ‘केक’, आत ‘डोके’. बाहेर वैभव, आत त्याचा शेवट. गळ्याभोवतीची लाल फीत पहिल्या दृष्टिक्षेपात दागिना वाटते, दुसऱ्यात गिलोटिनची रेघ. एकही शब्द वाया गेलेला नाही. पुष्कळ नवकवींनी हा संयम शिकण्यासारखा आहे, असे मी गमतीने नव्हे, मनापासून म्हणतो.

पण हा विनोद कशावर उभा आहे? वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीवर. कार्ड आपल्याला राणीचे वाक्य शिकवीत नाही. ते तुम्हाला माहीत आहेच असे धरून चालते. म्हणजे हसण्यासाठी आपल्याला आधी ते खरे मानावे लागते. पाठ्यपुस्तकातले चुकीचे विधान वाचताना एखादा चिकित्सक विद्यार्थी प्रश्न तरी विचारतो. विनोदाला कोणी पुरावा विचारत नाही. ज्याने विचारला तो अरसिक ठरतो. हसणे म्हणजे न वाचता केलेली सही आहे. खोट्या इतिहासाला अशा सह्या हजारोंनी मिळतात, आणि मग तो खोडणे कोणाच्याही हाती राहत नाही.

आता त्या वाक्याची हकीकत थोडक्यात पाहू.

मारी आंत्वानेत २ नोव्हेंबर १७५५ रोजी व्हिएन्नात जन्मली. सम्राज्ञी मारिया थेरेसाची ही मुलगी १७७० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, लग्न होऊन फ्रान्सला आली आणि १७७४ मध्ये राणी झाली. इकडे रूसोच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्राच्या सहाव्या भागात एक छोटा प्रसंग आहे. रूसो तरुणपणी, १७४० च्या सुमारास, लिआँ शहरात एका सरदाराच्या मुलांची शिकवणी करीत होता. त्याने मालकाच्या तळघरातली दारू हळूच लांबवली. पण पावाशिवाय त्याला ती पिववेना, आणि भारी कपडे घालून, कमरेला तलवार लटकावून सामान्य पाववाल्याच्या दुकानात जायची लाज वाटेना का? तेव्हा त्याला कोणा ‘थोर राजकन्ये’ची गोष्ट आठवली. शेतकऱ्यांना पाव नाही असे कळल्यावर तिने त्यांनी ब्रिओश खावे असे सुचवले होते म्हणे. ब्रिओश म्हणजे लोणी आणि अंडी घालून केलेला मऊ, महागडा पाव. मग रूसो मिठाईच्या दुकानात गेला आणि त्याने ब्रिओश विकत घेतले.

यात राजकन्येचे नाव नाही. हा भाग रूसोने लिहिला त्या सुमारास मारी आंत्वानेत व्हिएन्नात दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. ज्या दिवसांची आठवण तो सांगतो, त्या दिवसांत तर ती जन्मलीही नव्हती. आणि मुळात ही गोष्ट रूसो स्वतःवर हसण्यासाठी सांगतो. एका भित्र्या, मानी, गरीब मास्तराची ती फजिती आहे. मास्तराच्या फजितीतून निघालेले वाक्य दुसऱ्या एका मास्तराने राणीच्या तोंडी घालावे, हा काव्यगत न्याय म्हणायचा की अन्याय, ते वाचकांनी ठरवावे.

हे वाक्य एका घरी राहणारेही नाही. चौदाव्या लुईची राणी मारी तेरेज हिच्या नावावर अशीच गोष्ट सांगितली जात असे, आणि ती सांगणाऱ्यांत खुद्द मारी आंत्वानेतचा दीर, पुढे अठरावा लुई झालेला, हाही होता. फार लांब चीनमध्ये जिन घराण्याच्या हुई सम्राटाची गोष्ट आहे. त्याची कारकीर्द इ. स. २९० ते ३०७ ची. लोकांना धान्य मिळत नाही असे ऐकल्यावर, मग ते मांसाची पेज का खात नाहीत, असे त्याने विचारल्याचे जुन्या चिनी इतिहासात नोंदवले आहे. थोडक्यात, जिथे राजवाडा आणि उपाशी माणूस, तिथे ही गोष्ट आपोआप उगवते. वाक्य तेच, फक्त मुकुट बदलत जातो.

फ्रान्समध्ये हे वाक्य मारी आंत्वानेतच्या नावाशी जोडलेले छापील स्वरूपात आढळते ते १८४३ मध्ये, आल्फाँस कार याच्या ‘ले गेप’ या नियतकालिकात. म्हणजे राणीच्या मरणानंतर तब्बल पन्नास वर्षांनी. आणि योगायोग पाहा, त्याच १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थाने चित्रकार हॉर्स्ले याच्याकडून नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र काढून घेतले. त्या कार्डावरही तेव्हा टीका झाली होती, कारण त्यातल्या कुटुंबातले एक लहान मूल द्राक्षासव पिताना दाखवले होते. एकाच वर्षी समुद्राच्या या काठावर कार्ड छापून आले आणि त्या काठावर वाक्याला राणीचे नाव छापून मिळाले. पुढे दोघांची गाठ पडायचीच होती.

कार्डावरचे चित्रही वाक्याइतकेच बोलके आहे. ते नीट पाहायचे तर त्याच राणीची आणखी दोन चित्रे शेजारी ठेवावी लागतात.

पहिले एलिझाबेथ व्हिजे-ल ब्रं या चित्रकर्तीने १७८७ मध्ये पूर्ण केलेले. लाल मखमलीच्या पोशाखात राणी बसली आहे, भोवती मुले आहेत आणि थोरला मुलगा एका पाळण्याकडे बोट दाखवतो आहे. पाळणा रिकामा आहे. त्यात असायची ती धाकटी मुलगी सोफी त्याच वर्षी वारली. बोट दाखवणारा तो मुलगाही ४ जून १७८९ रोजी गेला. बॅस्तीयचा तुरुंग पडायला तेव्हा सहा आठवडेही उरले नव्हते.

दुसरे चित्र म्हणजे चित्र नव्हे, काही रेघा. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीला वधस्तंभाकडे नेत असताना झाक-लुई दाविद याने ते रेखाटले. दाविद क्रांतीच्या बाजूचा, राजाच्या मृत्युदंडाला मत देणारा. त्याच्या मनात दयाबुद्धी असायचे कारण नव्हते. तरी त्या रेघांत दिसते ती ताठ बसलेली, हात पाठीमागे बांधलेली, ओठ खाली ओढलेले अशी एक अकाली म्हातारी झालेली बाई. वय अवघे सदतीस. डोक्यावर साधी टोपी, खाली वेडेवाकडे कापलेले केस.

कार्डावरचा तो हातभर उंच केसांचा मनोरा आणि दाविदच्या रेघांतले ते कापलेले केस! विनोदाला मनोरा लागतो, कारण कापलेल्या केसांवर हसता येत नाही. व्यंगचित्रकाराने निवड करावी, तो त्याचा हक्कच आहे. पण त्याने काय निवडले आणि काय टाकले, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

इथे कोणी म्हणेल, मास्तर राणीचे वकीलपत्र घेऊन बसले. तसे मुळीच नाही. मारी आंत्वानेत निर्दोष नव्हती. देश कर्जात बुडत असताना तिने कपड्यालत्त्यांवर, जुगारावर आणि व्हर्सायच्या बागेत बांधून घेतलेल्या खोट्या खेडेगावावर पैसा उधळला. लोक तिला ‘तुटीची बाई’ म्हणत, ते उगाच नव्हे. सुधारणांना तिचा विरोध होता. जून १७९१ मध्ये राजाराणी वेश पालटून पळाली आणि व्हारेन येथे पकडली गेली. १७९२ मध्ये फ्रान्सचे ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपले तेव्हा तिने फ्रेंच सैन्याच्या हालचालींची माहिती माहेरी कळवली. हे सगळे तिच्या माथ्यावर मारायला हरकत नाही, कारण त्याला आधार आहे. मौज अशी की यातले काहीही कार्डावर नाही. तिने केलेल्या चुकांवर विनोद झाला नाही. तो झाला तिने न म्हटलेल्या वाक्यावर.

ऐकीव गोष्टीच घ्यायच्या तर आणखी एक आहे. वधस्तंभाच्या पायऱ्या चढताना तिचा पाय मारेकऱ्याच्या पायावर पडला आणि ती म्हणाली, माफ करा, मुद्दाम नाही केले. हेही सांगोवांगीच आहे. मी याला पुरावा म्हणत नाही. पण एका ऐकीव गोष्टीचे हजारो कार्डांवर छापील वाक्य व्हावे आणि दुसरी ऐकीव गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसावी, यावरून राणीपेक्षा आपल्याबद्दलच अधिक कळते. आपल्याला हसण्यासाठी मूर्ख बाई हवी असते. सभ्य बाई विनोदाच्या आड येते.

हे फक्त तिकडेच घडते असे समजून सुटका करून घेऊ नये. मारी आंत्वानेत व्हर्सायला सून म्हणून आली त्याला तीन वर्षे झाली होती, तेव्हा इकडे पुण्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांच्या हुकमात ‘धरावे’ असे होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही गोष्ट मराठी घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. इतिहासकारांचे तीबद्दल एकमत नाही. पण भाषेने मात्र आपला निकाल केव्हाच देऊन टाकला. शुद्धलेखनात अक्षर चुकले की आम्ही मास्तर मुलांना म्हणतो, ‘ध चा मा केलास की रे!’ वर्ग हसतो. दोनशे पन्नास वर्षे एका बाईवर चाललेला खटला आम्ही रोज एका म्हणीत निकालात काढतो. तिच्यासाठी शुभेच्छापत्र छापण्याची गरजच पडली नाही.

मग ऐतिहासिक व्यक्तींवर विनोद करूच नये काय? माझे म्हणणे याच्या उलट आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसांवर हसण्याची बंदीच फार. ती आणखी वाढावी असे मला वाटत नाही. राजवाड्यांवर हसणे हे तर सामान्य माणसाचे फार जुने हत्यार आहे. प्रश्न हसावे की नाही हा नाही. हसण्याचा रोख कोणावर आहे आणि हसणारा कुठे उभा आहे, हा आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले तेव्हा त्यांनी आपल्याच समाजातल्या रूढींवर, म्हणजे हसणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांवर हात घातला. पु. ल. देशपांड्यांच्या लेखणीतून उतरलेले आमच्या बेळगावचे ‘रावसाहेब’ वाचताना आपण शिव्यांवर हसतो आणि वाचून झाल्यावर त्या माणसाला मनोमन नमस्कार करतो. अशा हसण्यातून माणूस आपल्याला अधिक दिसू लागतो. कार्डातल्या हसण्यातून तो दिसेनासा होतो.

आणि इथेच माझा या कार्डावरचा मुख्य आक्षेप येतो. राणीवर अन्याय झाला हे खरेच. पण ती निदान चित्रात तरी आहे. या कार्डातून जी माणसे साफ पुसली गेली आहेत, ती वेगळीच.

ती पाहण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. पॅरिसच्या कष्टकऱ्याच्या घरात साध्या दिवसांतसुद्धा निम्म्याच्या आसपास मिळकत पावावर खर्च होई. चार पौंडांच्या पावाची किंमत १७८७ मध्ये साधारण आठ सू होती. १३ जुलै १७८८ रोजी प्रचंड गारपीट होऊन पॅरिसच्या आसपासची उभी पिके आडवी झाली, पाठोपाठ हाडे गोठवणारा हिवाळा आला, आणि फेब्रुवारी १७८९ मध्ये तोच पाव साडेचौदा सूंवर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. ज्या घरात तोंडे चार, त्या घरात पाव आणल्यावर हाती काय उरत असेल, याचे गणित आमच्या खेड्यांतल्या आयाबहिणींना समजावून सांगायला नको.

५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका पाऊस अंगावर घेत, चिखल तुडवत, वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या. त्यांना पाव हवा होता. दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि राजपुत्र यांना सोबत घेऊनच त्या परतल्या. मिरवणुकीत पिठाच्या गाड्याही होत्या. वाटेत त्या बायकांनी राजघराण्याला जे नाव दिले, ते इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर पाववाला, पाववाली आणि पाववाल्याचा पोर!

वाचकहो, हा खरा विनोद. तो कोणा दुकानदाराने रचला नाही. उपाशी, भिजलेल्या, थकलेल्या बायकांनी चालता चालता केला. त्यात राजसिंहासनाची टर आहे, पण खोटेपणा नाही. राजा म्हणजे कोण, तर ज्याने पाव पुरवायचा तो. राणी म्हणजे कोण, तर त्या दुकानदाराची बायको. राज्य करणे म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही. त्यात राणी आहे, भूक आहे, पाव आहे, आणि बोलणाऱ्या बायकाही आहेत.

कार्डावरच्या विनोदात राणी राहिली, केक राहिला. भूक गेली आणि त्या बायकाही गेल्या. ‘केक खा’ हे वाक्य खोटे असले तरी कधीकाळी त्यात उपाशी माणसाचा संताप होता. राजवाड्याला आमचे पोट कळत नाही, एवढे तरी ते सांगत होते. आता तेच वाक्य भरल्या पोटाचा माणूस भरल्या पोटाच्या माणसाला पाठवतो, वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकण्यापूर्वी. संतापाचा पाक होऊन तो केकवर ओतला गेला. आणि हे करणाऱ्यांत मीही होतो. पंचवीस वर्षे मी वर्गात राणीचे खोटे वाक्य सांगितले, पण पाववालीची ती खरी गोष्ट एकदाही सांगितली नाही. पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींतून ती निसटली होती, आणि ती शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत. हशा तर आधीच मिळाला होता.

या वर्षी नववीला तो धडा आला तेव्हा संबंधित शिक्षकांकडून मी एक तास मागून घेतला. कार्ड वर्गात नेले. बाकांवरून फिरवले. मुले हसली, कारण कार्ड चांगलेच आहे. मग मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: ‘या चित्रात कोण नाही?’

एक म्हणाला, राजा. दुसरा म्हणाला, गिलोटिन. कोणीतरी नोकरचाकर म्हणाले. थोडा वेळ शांतता झाली. मग खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी, जी सकाळी दुधाच्या कॅनबरोबर पहिल्या एसटीने शाळेला येते, उभी न राहताच म्हणाली, ‘सर, ती कुणाला सांगते आहे केक खा म्हणून? ते कुठं आहेत?’

मी तिला बसल्या जागेवरून उठवले नाही. उरलेला तास पावाच्या किमतीत आणि त्या पावसातल्या बायकांत गेला. पाववाला, पाववाली आणि पाववाल्याचा पोर हे शब्द आले तेव्हा वर्ग पुन्हा हसला. हे हसणे मला आधीच्या हसण्याहून वेगळे ऐकू आले. कदाचित माझ्याच कानांतला फरक असेल.

परीक्षणाच्या शेवटी शिफारस करायची पद्धत आहे. हे कार्ड विकत घेऊ नये असे मी म्हणणार नाही. ज्याला पाठवायचे त्याला जरूर पाठवावे. माझ्या टेबलावर काचेखाली ते आजही आहे. फक्त घडी उघडल्यावर जे दोन क्षण हसू येते, त्याच्यानंतरचा तिसरा क्षण त्यात नसलेल्या माणसांना द्यावा.

लंडनला उत्तर पाठवायला मला तीन आठवडे लागले. फार लिहिले नाही. ‘चि. सौ. बाळ, अनेक आशीर्वाद. कार्ड फार आवडले. तू वर्गात ऐकलेले अजून लक्षात ठेवलेस याचा आनंद झाला, आणि म्हणूनच लिहितो. ते वाक्य राणीचे नव्हते. मला ठाऊक असूनही पुढच्या पुष्कळ वर्गांना मी तेच सांगितले. तुझ्या मुलांना ही गोष्ट सांगशील तेव्हा केकाऐवजी पावाची सांग. सोबत ती लिहून पाठवत आहे.’